डाव्या पायाचा खिळा

नत्थूजी नालबंदाचा शब्द नागपूर स्टेशनच्या टांगा अड्ड्यावर कोणी खाली पडू देत नसे. घोडा लंगडू लागला, चंदीला तोंड लावेनासा झाला, की टांगेवाले जनावरांच्या सरकारी दवाखान्याकडे न जाता कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीत त्याच्या दुकानी येत. दुकान म्हणजे एक भाता, एक ऐरण आणि घोडा बांधायला जमिनीत रोवलेले दोन सागाचे खुंट. नत्थूजी आधी घोड्याला चार पावलं चालवून बघे, मग विडी पेटवे, मग बोले. आणि तो बोलला की विषय संपला. त्याचा बाप इंग्रजांच्या काळात पोलीस लाइनीतल्या घोड्यांना नाल ठोकत असे. नत्थूजीची स्वतःची तीस वर्षं खूर मांडीवर घेण्यात गेली होती.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. पोळा होऊन आठवडा झाला होता. एका सकाळी डॉक्टर देवतळे मोटरसायकलवर अड्ड्यावर आले. पंचविशीतला पोरगेला माणूस, दवाखान्यात नुकताच लागलेला. मागच्या सीटवर बर्फाची पेटी दोरीने बांधली होती.

"घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो," त्यांनी टांगेवाल्यांना गोळा करून सांगितलं. "लीद, माती, गंजका खिळा, जरासं खरचटणं, एवढं पुरतं. एकदा दातखीळ बसली की आमच्याही हातात फार काही राहत नाही. म्हणून आधीच लस घ्यायची. आज एक इंजेक्शन, महिन्याने दुसरं, पुढे वर्षाला एक. पैसे नाहीत. दोन दिवस मान सुजेल, तेवढा आराम द्यायचा."

लोकांनी बाकीचं सोडून 'दोन दिवस' तेवढं ऐकलं. सतरा टांगे उभे होते, आणि सतरा जण चहाच्या टपरीवर बसलेल्या नत्थूजीकडे पाहू लागले. त्याला ते पाहणं आवडलं. खोटं कशाला बोला, फारच आवडलं. शिकलेला डॉक्टर समोर उभा आणि माणसं मात्र आपल्या तोंडाकडे पाहतात!

कपबशी खाली ठेवून तो म्हणाला, "साहेब, तुमी शिकलेले मानसं. पन हे समदे घोडे माह्या हातचे हायेत. तीस वरसात माह्या नालापायी एकाले बी धनुर्वात झाला असंन त सांगा. खिळा जिथं जाऊ नाही तिथं गेला तर मानूस भ्यायचा. अन् नत्थूचा खिळा चुकत नाही गा!"

लोक हसले. देवाजीने तोवर आपल्या घोडीची दोरी धरून तिला पुढे आणलं होतं. देवाजी इंदोऱ्याला राहायचा. छप्पन सालच्या दीक्षेला बापाचं बोट सोडून मोठ्या माणसांच्या ओळीत उभा राहिलेला तेव्हाचा पोऱ्या आता तिशीला आला होता. सकाळी धरमपेठेतल्या पाच मुलींना शाळेत सोडायचं आणि दुपारनंतर स्टेशनच्या सवाऱ्या घ्यायच्या, असा त्याचा दिवस जाई. घोडीचं नाव हरणी. लालसर कुमैत रंगाची, कपाळावर पांढरा टिळा, आणि इतकी गुणाची की मुली उतरताना तिच्या नाकावर हात फिरवून जात.

देवाजी क्षणभर घुटमळला. मग दोरी मागे ओढत म्हणाला, "नत्थूजी म्हनते तर राहू द्या, साहेब."

त्या दिवशी सतरांतल्या तीनच घोड्यांना सुई लागली. डॉक्टरांनी पेटीची दोरी पुन्हा आवळली आणि ते निघून गेले.

दसरा चार दिवसांवर आला तेव्हा देवाजी हरणीला नाल बदलायला घेऊन आला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं येतात, तीन दिवस स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. देवाजीचे भंडाऱ्याकडचे नातेवाईकही येणार होते. "म्हातारे मानसं हायेत, त्याईले पायी कसे चालवू?" म्हणत तो खुशीत होता. घोडी खुंटाला बांधून तो कोपऱ्यावर चहा सांगायला गेला.

मागचे दोन्ही नाल झाले, पुढचा उजवा झाला. पुढच्या डाव्या पायाचा चौथा खिळा ठोकताना रस्त्यावरून एक लॉरी फटफटत गेली आणि हरणीने पाय झटकला. हातोडा तेव्हा खाली येतच होता. खुराच्या कठीण भागातून खिळा जातो तेव्हा टणक आवाज येतो, तो नत्थूजीच्या हाडांत मुरलेला होता. हा आवाज बसका आला. घोडी शहारली. त्याने पकडीने खिळा उपसला, तर टोकाला रक्त होतं आणि भोकातून लाल थेंब वर येत होता.

काय करायचं हे त्याला ठाऊक होतं. नाल काढायचा, जखम उघडी करून लाल औषधाच्या पाण्याने धुवायची, घोडी आठ दिवस उभी ठेवायची आणि दवाखान्यात नेऊन धनुर्वाताची सुई द्यायची. बापाच्या काळी सुई नव्हती, पण बापसुद्धा असं झालं की मालकाला सांगायचा. नत्थूजीने मान वर केली. देवाजी दोन कप घेऊन रस्ता ओलांडत होता. आता याला सांगायचं, म्हणजे दसऱ्याला घोडी बसणार. म्हणजे याने डॉक्टरकडे जायचं, आणि डॉक्टरने विचारायचं, काय हो, नत्थूजीचा खिळा चुकत नव्हता ना? संध्याकाळपर्यंत अख्ख्या अड्ड्याला कळणार.

त्याने अंगठ्याने थेंब पुसला, मेणाची गोळी भोकात दाबली आणि खिळा शेजारच्या भोकात ठोकला. देवाजी आला तेव्हा तो कानशीने खुराची कड घासत होता.

"झालं?"

"झालं."

नत्थूजीने अर्धा चहा तसाच ठेवून हत्यारं आवरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी देवाजी टांगा थांबवून विचारून गेला, "नत्थूजी, पुढच्या डाव्यावर जराशी दबून चालते काय हे?"

"नवा नाल हाये. बसंन दोन दिवसात."

आणि तसंच झालं. दसऱ्याच्या दिवशी नत्थूजी मुद्दाम स्टेशनवर गेला. पांढरी लुगडी नेसलेल्या बाया आणि निळे झेंडे घेतलेली माणसं यांनी टांगा खच्चून भरलेला, आणि हरणी मान ताठ ठेवून दुडक्या चालीने चाललेली. लंगडण्याचं नाव नाही. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने घरी जिलबी नेली. त्याची बायको जिजाबाई म्हणाली, "आज काय गावले तुमाले?" तो नुसता हसला.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी हरणीने चंदीत तोंड घातलं, पण चावेना.

देवाजीला आधी वाटलं दात दुखत असेल. दुपारपर्यंत तिचे चारी पाय काठीसारखे ताठ झाले, कान टवकारलेले राहिले, शेपूट वर. डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा बुबुळावर सरकून येई. कोणी दाराची कडी वाजवली की अंगभर झटका बसे. देवाजी धावत दवाखान्यात गेला. डॉक्टर देवतळे आले, त्यांनी एकदाच पाहिलं आणि घोडी बांधायच्या कोठ्याच्या दारावर पोतं टांगून अंधार करायला सांगितला.

"धनुर्वात आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "जखम कुठे झाली होती?"

देवाजीने बायकोकडे पाहिलं. पावसाळ्यात कोठ्यात पाणी येत होतं म्हणून सिंधूताईने दाराशेजारच्या भोकावर जुनं टिन ठोकलं होतं. दसऱ्याच्या आधी हरणीचा खांदा त्या टिनाला घासला होता. ओरखडा केव्हाच वाळला होता.

"ते असू शकतं," डॉक्टर म्हणाले. "पण मला खूर बघायचे आहेत. तिला पाय उचलवत नाही. नाल कोण ठोकतं? त्यालाच बोलवा. सावकाश नाल काढू द्या, आणि प्रत्येक खूर नीट तपासा. आत पू असेल तर मला तो उघडून धुवायचा आहे."

नत्थूजीला बोलवायला देवाजी स्वतः आला. पकड आणि चाकू घेऊन नत्थूजी त्याच्या मागून इंदोऱ्यापर्यंत चालत गेला.

कोठ्यात सिंधूताई हरणीचं तोंड दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि तिच्या कानाशी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. डॉक्टर बाहेर ओट्यावर सुई भरत होते. नत्थूजीने खाली बसून पुढचा डावा पाय जेमतेम दोन बोटं उचलला. घोडी थरथरत होती. नाल सुटला. मेणाची गोळी काळी पडली होती, आणि तिच्या मागून घाण वासाचं काळं पाणी निथळलं.

त्या क्षणी हाक मारली असती तर डॉक्टर चार पावलांवर होते.

त्याने चाकूने वरची कड खरवडली, चिमूटभर ओली माती भोकात दाबली आणि पाय खाली ठेवला.

"काही दिसलं का?" बाहेरून डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, साहेब. खूर साफ हायेत."

डॉक्टर आत आले, खाली वाकले, पण घोडीचं थरथरणं पाहून त्यांनी पाय पुन्हा उचलला नाही. "तुमचा हात जुना," ते म्हणाले. "तुम्ही बघितलं म्हणजे झालं."

चार दिवस त्यांनी सकाळ-संध्याकाळ सुया दिल्या. पाचव्या दिवशी हरणी आडवी झाली ती उठली नाही. महानगरपालिकेची गाडी येईपर्यंत देवाजी तिच्याजवळ बसून होता, आणि धरमपेठेतल्या मुलींना शाळेत सोडायला कोणी येणार नाही हा निरोप द्यायचंही त्याला सुचलं नाही.

नत्थूजी समाचाराला गेला. त्याला वाटत होतं, देवाजी आता म्हणेल, तुमीच सुई घेऊ दिली नाही. ते शब्द झेलायला तो तयार होऊन गेला होता, ते आले असते तर त्याला बरंच वाटलं असतं. पण देवाजीला त्या सकाळची आठवणही नव्हती. त्याने नत्थूजीचे हात धरले. "तुमी माह्यासाठी किती केलं, नत्थूजी. बिमार जनावराचे नाल काढायले कोन येते?" मग आत चुलीकडे पाहून आवाज चढवला. "घरच्याच मानसानं मारलं तिले. किती खेपा म्हनलं होतं, ते टिन काढ म्हनून."

आत सिंधूताईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

देवाजीने भाड्याची सायकलरिक्षा धरली. कार्तिक सरत आला. जिजाबाई अधूनमधून इंदोऱ्याला जाऊन सिंधूताईला भेटून यायची. एका दुपारी ती परत आली तेव्हा नत्थूजी भात्याजवळ बसला होता.

"त्या बाईचं काही खरं नाही," जिजाबाई म्हणाली. "देवाजी तिच्या हातचं खात नाही वो. बाहेरून पाव-बिस्कीट खाऊन येतो अन् झोपतो. एक शब्द बोलत नाही. म्हने, तुह्या हातानं मेली. तिनं विहारात जानं बी सोडलं. बाया विचारतेत म्हनून. मले म्हनत होती, जिजाबाई, टिन तं मी पानी येते म्हून लावलं होतं."

नत्थूजीने भात्याची दोरी सोडून दिली.

"तुमाले काय झालं? महिनाभर पाहून राहिली मी, ताटावरून उठता."

"काही नाही वं."

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. डॉक्टर एका म्हशीला तपासत होते. नत्थूजी भिंतीला टेकून थांबला. ते मोकळे झाल्यावर म्हणाला, "साहेब, एक विचारू? देवाजीच्या घोडीचा... समजा खुरात जखम असती. अन् तुमी त्याच दिवशी उघडून धुतली असती. तं वाचली असती काय?"

डॉक्टर हात धुवायचे थांबले. "सांगता येत नाही. कदाचित. अशी जनावरं दहात दोन-तीन वाचतात." मग रोखून पाहत त्यांनी विचारलं, "का विचारता?"

'नाही वाचली असती' एवढंच ऐकायला नत्थूजी तिथवर चालत गेला होता. तो तसाच वळला. फाटकाशी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की पाय दुकानाकडे न जाता इंदोऱ्याच्या रस्त्याला लागलेत, आणि त्याने ते तसेच जाऊ दिले.

सिंधूताई दारात बसून सुपात हरभरे निवडत होती. घोडीसाठी आणलेलं अर्धं पोतं उरलं होतं, ते आता माणसांच्या भाजीला लागत होतं. बाई निम्मी झाली होती. तिने पदर सावरून पाट सरकवला, पण नत्थूजी बसला नाही.

"सिंधूताई, टिनानं काही झालं नाही," तो म्हणाला. "माहा खिळा आत गेला होता. पुढच्या डाव्या पायात. मी कोनाले सांगतलं नाही. नाल काढाले आलो तवा पू होता. मी माती भरली."

तिचा हात सुपातच राहिला.

"खूर साफ हायेत म्हनले तुमी," ती म्हणाली. "मी तिचं तोंड धरून होती. माह्या कानानं आयकलं."

"हो."

"मले काहून सांगून राहिले मग? मले तं ठाव होतं मी मारलं नाही तिले. त्याईले सांगा." तिचा आवाज पहिल्यांदा कापला. "माह्यासमोर सांगा. बाहेर अड्ड्यावर नेऊन नका सांगू."

ऊन भिंतीवरून सरकत गेलं. सिंधूताईने हरभरे निवडले, डब्यात भरले, अंगण झाडलं. चहाचं तिने विचारलं नाही, आणि नत्थूजी उंबऱ्याबाहेर उकिडवा बसून राहिला. दोनदा त्याच्या मनात आलं की उठावं आणि जावं. दोन्ही वेळा ती झाडणं थांबवून त्याच्याकडे बघत होती.

दिवे लागायच्या सुमाराला देवाजी रिक्षा ओढत आला. नत्थूजीला बघून त्याचं तोंड उजळलं. "अरे, नत्थूजी! केव्हाचे बसले?" आणि सवयीने म्हणून गेला, "सिंधू, चहा नाही ठेवला?"

महिनाभरानंतर नवऱ्याने तिचं नाव घेतलं होतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

नत्थूजीने सांगितलं. लॉरीपासून मातीपर्यंत, काही न गाळता. सांगताना त्याला वाटलं होतं देवाजी अंगावर येईल. देवाजी रिक्षाच्या सीटवर हात ठेवून ऐकत राहिला.

"लंगडते म्हून मी विचारलं होतं तुमाले," तो म्हणाला.

"हो."

"अन् तुमी म्हनले, नवा नाल हाये."

"हो."

"सुईचं बी तुमीच..." त्याने वाक्य सोडून दिलं. एकाएकी सगळंच आठवल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "घोडी गेली ते गेली, नत्थूजी. दुसरी येईन. पन मी हिले काय काय बोललो! महिना झाला, हिच्या हातचं पानी घेतलं नाही मी. ते मी आता कुठं नेऊन टाकू, सांगा?"

सिंधूताई आत निघून गेली.

"सिंधू," देवाजीने हाक मारली. पुन्हा मारली. मग तो नत्थूजीकडे न बघता म्हणाला, "तुमी जा. आता इथं बसू नका."

घरी आल्यावर नत्थूजीने जिजाबाईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी जिलबी आनली होती तुमी." मग तोंड फिरवून पोळ्या लाटत बसली.

पौषात डॉक्टर देवतळे पुन्हा बर्फाची पेटी घेऊन अड्ड्यावर आले. हरणीची गोष्ट लोकांना माहीत होती, पण टिनाची. या खेपेला नत्थूजी टपरीवर बसला नाही. टांग्यांच्या मधोमध उभं राहून, सोळा टांगेवाल्यांच्या देखत, त्याने तीच हकीकत पुन्हा सांगितली. "त्या दिवशी मी मोठेपना केला," तो म्हणाला. "माहं आयकू नका. डॉक्टर सांगते ते आयका."

कोणीतरी शिवी दिली. एक म्हातारा टांगेवाला जमिनीवर थुंकून बाजूला झाला. डॉक्टरांनी नत्थूजीकडे पाहिलं. ते काय बोलतील म्हणून नत्थूजी खाली मान घालून थांबला होता.

"घोडा धरा," डॉक्टर म्हणाले.

त्याने धरला. एकामागून एक सोळा घोड्यांचे कान धरून उभा राहिला आणि सुई टोचताना प्रत्येकाला चुचकारत राहिला. महिन्याने दुसऱ्या सुईलाही गेला, आणि मग दरवर्षी. अर्धे टांगेवाले त्या हिवाळ्यातच दुसऱ्या नालबंदाकडे, इतवारीत, जाऊ लागले. काही वर्षभराने परत आले. जे आले त्यांना नत्थूजी खिळा ठोकताना जवळ उभं राहायला सांगे. चहाला जाऊ देत नसे.

सिंधूताई उमरेडला भावाकडे गेली ती अडीच महिने राहिली. देवाजी दोनदा आणायला गेला आणि दोनदा एकटाच परत आला. फाल्गुनात ती आपल्या पायाने आली. का आली, हे तिने कोणाला सांगितलं नाही. जिजाबाईशी ती पहिल्यासारखी बोले, पण नत्थूजीचा विषय निघाला की भांडी घासायला उठे.

दोन वर्षांनी देवाजीने पुन्हा घोडा घेतला, पांढरा. अड्ड्यावर सुई देताना त्याचा नंबर आला की तो कान स्वतःच धरायचा, आणि नत्थूजी बाजूला व्हायचा. नालांसाठी तो इतवारीला जाई.

एका सकाळी देवाजीचा टांगा कॉटन मार्केटच्या रस्त्याने चालला होता. नत्थूजी एका घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसला होता. त्याने चाल ऐकली. तीन टापा भरीव आणि चौथी खडखडती. त्याने खूर खाली ठेवला आणि रस्त्यावर आला.

"देवाजी! मागचा उजवा ढिला झाला, गा!"

देवाजीने मान वळवली नाही. टांगा पुढे गेला. वळणाच्या थोडं अलीकडे मात्र तो थांबला. देवाजी खाली उतरला, त्याने मागचा उजवा पाय उचलून नाल हलवून पाहिला. मग लगाम हातात घेऊन, टांग्यात न बसता, घोड्याच्या बरोबर पायी चालत तो इतवारीच्या दिशेला वळला.